रेट रोलचा, काम भिंतीचं

वॉलपेपर लावणं हा माझा धंदा. भिंत 12 फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच. कस्टमर मोबाइल काढतो, गुणाकार करतो, 114 स्क्वेअर फूट. रोलच्या लेबलवर 57 स्क्वेअर फूट छापलेलं असतं. म्हणजे बरोब्बर दोन रोल, विषय संपला. मी तीन सांगितले की त्याची खात्रीच होते, हा माणूस दुकानदाराकडून कमिशन खातोय.

मग मी तिथंच जमिनीवर टेप टाकून समजावतो. रोल असतो 21 इंच रुंद आणि 33 फूट लांब. साडेनऊ फुटाच्या भिंतीला वर दोन इंच, खाली दोन इंच जादा सोडायचा, कारण स्लॅब आणि स्कर्टिंग सरळ असतातच असं नाही, तर एका रोलमधून पट्ट्या निघतात तीन. चौथी निघत नाही, साडेतीन फुटाचा तुकडा उरतो तो त्या भिंतीवर कुठंच बसत नाही. दोन रोलच्या पट्ट्या सहा, सहा गुणिले 21 म्हणजे साडेदहा फूट. भिंत 12 ची. राहिलेल्या दीड फुटात काय करू, रांगोळी काढू? आणि हा झाला प्लेन पेपरचा हिशोब. फुलं-पानं-पक्षी असले तर डिझाइन समजा दर 64 सेंटीमीटरला रिपीट होतं, मग प्रत्येक पट्टी ते जुळवून कापायची, त्यात अजून पेपर जातो, आणि हाफ ड्रॉप असला म्हणजे शेजारची पट्टी अर्ध्या डिझाइनने खाली सरकून जुळते, तेव्हा तर कापताना डोकं शांत ठेवावं लागतं, रेडिओ बंद, फोन बंद, पोऱ्याला पण सांगतो गप्प बस पाच मिनिटं.

काही जण म्हणतात आत्ता दोनच घेऊ, कमी पडला तर आणू की. आणता येतो, पण त्यावरचा बॅच नंबर वेगळा निघाला तर रंगात एवढासा फरक असतो, हातात धरून कळत नाही, भिंतीवर दोन पट्ट्या शेजारी लागल्या आणि दुपारचं ऊन आलं की बरोबर कळतो. म्हणून एकदाच घ्या, एकाच बॅचचे घ्या, आणि उरलेला तुकडा फेकू नका. एसीवाला येऊन भिंतीला शिडी घासून जाणार हे ठरलेलं असतं. काहीच झालं नाही तर गणपतीत मखराच्या मागे लावा, बरेच जण लावतात, छान दिसतो.

हे सगळं सांगून झाल्यावर पुढचा प्रश्न हमखास येतो. लावायचे रोलमागे किती?

आणि इथंच आमच्या धंद्याची गोची आहे. मजुरी ठरते रोलवर. तीन रोल म्हणजे तीन रोलचे पैसे. पण खरं सांगायचं तर पेपर लावणं हे कामातलं सोपं काम आहे. हात बसला की एक भिंत दोन-तीन तासांत होते. वेळ जातो तो भिंतीत, आणि भिंतीचा रेट कुणी धरतच नाही. भिंत कस्टमरच्या डोक्यात असतेच आधीपासून उभी, तिचे कसले पैसे? मग जो माणूस रोलवर पैसे घेतो तो साहजिकच रोल भराभर लावून पुढच्या साइटला पळतो. त्याला नावं ठेवायची माझी इच्छा नाही, त्याचंही पोट आहे, पण सहा महिन्यांनी जॉइंट उघडले की शिव्या वॉलपेपरला बसतात. ‘आपल्याकडे वॉलपेपर टिकत नाही हो’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, आणि जिथं जिथं ऐकलं तिथं जाऊन भिंतीला हात लावला की कारण बहुतेक वेळा भिंतीतच असतं.

नवीन फ्लॅट घ्या. पुण्यात आता वाकड, हिंजवडी, खराडी, वाघोली जिकडे जाल तिकडे टॉवर, आणि आतून बऱ्याच ठिकाणी जिप्सम. दिसायला गुळगुळीत असतं, हात फिरवला की हाताला पांढरी पावडर लागते. ते पाणी पितं. त्यावर प्राइमर न मारता पेपर लावला तर गमातलं पाणी भिंत लगेच ओढून घेते, पेपर सरकवून जॉइंट जुळवायला वेळच मिळत नाही, आणि पुढे कधी पेपर काढायची वेळ आली तर सोबत जिप्समचे तुकडे घेऊन खाली येतो. म्हणून आधी घासाई, पॉलिश पेपर मारायचा, धूळ पुसायची, मग प्राइमर, मी शक्यतो ऑइल प्राइमरच मारतो, तो पूर्ण वाळू द्यायचा. म्हणजे एक दिवस गेला. त्या दिवसात भिंतीवर पांढऱ्यावर पांढरं याशिवाय काहीच दिसत नाही. संध्याकाळी ताई ऑफिसवरून येतात, बघतात आणि विचारतात, ‘आज काम झालं नाही का दादा?’

त्यात आता प्रोफाइल लाइटचं फॅड आलंय. फॉल्स सीलिंगच्या कडेने भिंतीवरून खाली घसरत येणारा उजेड. आम्ही काम करतो तेव्हा तो लागलेला नसतो, एक बल्ब लटकत असतो मधोमध. आठवड्याने इलेक्ट्रिशियन लाइट जोडतो आणि त्या तिरप्या उजेडात पुट्टीचा एकेक दाणा पेपरमधून वर आलेला दिसतो. फोन मला येतो. म्हणून मी आता मोबाइलचा टॉर्च भिंतीला गाल लावून धरतो आणि कस्टमरला बोलावून दाखवतो, बघा ही तुमची भिंत. बहुतेकांना राग येतो. बिल्डरने असं कसं दिलं वगैरे. पण मग घासाईचे पैसे मागितले तर कुरकुर जरा कमी होते.

आणि ओल. मी मूळचा वाईकडचा. वडील पेंटर, म्हणजे तेव्हा चुना आणि डिस्टेंपर. दिवाळीच्या आधी घरोघर चुन्याचा हात असायचा, पावसाळ्यात भिंतीवर जे काय उगवलंय ते सगळं त्याच्याखाली. जाड दगड-मातीच्या भिंती, पावसात ओल्या व्हायच्या आणि उन्हाळ्यात सुकायच्या, चुना त्यांना अडवायचा नाही. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात भिंतींवर चित्रं आहेत, लहानपणी बघितली तेव्हा मला फक्त एवढंच वाटलं होतं की हे पुसायचं कसं. आता जातो तेव्हा माझं लक्ष चित्रांच्या आधी खालच्या कडेला जातं, ओल कुठपर्यंत चढलीय बघायला. सवय वाईट.

व्हिनाइलचा पेपर म्हणजे भिंतीला प्लास्टिक गुंडाळल्यासारखंच, भिंतीतलं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही. पुण्या-मुंबईत दोन भिंती मी डोळे झाकून संशयाने बघतो, एक बाहेरची पश्चिमेची किंवा नैऋत्येची, पावसाचा मारा तिकडूनच येतो, आणि दुसरी बाथरूमच्या मागची. गंमत अशी की बेडरूममध्ये पलंगाची डोक्याकडची भिंत बऱ्याचदा हीच असते आणि पेपर लोकांना तिथंच हवा असतो. माझ्याकडे ओल मोजायचं मशीन आहे, पण मशीनवर कस्टमरचा विश्वास बसत नाही, त्याला वाटतं मीच काहीतरी बटण दाबलं. म्हणून जुनी युक्ती. दोन बाय दोनचा प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवायचा आणि निघून जायचं. दुसऱ्या दिवशी टेप सोडला की कागदाच्या आत पाण्याचे थेंब. ते बघितल्यावर वाद घालत नाही कुणी. आधी बाथरूमच्या टाइल्सचे जॉइंट भरून घ्या, भिंत सुकू द्या, मग मला बोलवा. काही बोलवतात. काही त्याच आठवड्यात दुसऱ्याकडून लावून घेतात, आणि पावसाळा संपता संपता खालच्या बाजूने काळे ठिपके आणि तो कुबट वास.

या वासावरून एक आठवलं. एकोणिसाव्या शतकात युरोपात हिरव्या वॉलपेपरचं वेड होतं. तो हिरवा रंग शील नावाच्या केमिस्टने 1775 मध्ये शोधलेला, त्यात आर्सेनिक. भिंत ओली झाली की पेपरवर आणि खळीवर बुरशी यायची आणि बुरशी त्या रंगातून विषारी वायू सोडायची. हे गोझिओ नावाच्या इटालियन डॉक्टरने 1890 च्या दशकात प्रयोग करून दाखवलं. तोवर त्या खोल्यांमधली माणसं आजारी पडत होती आणि हवा खराब आहे म्हणत होती. आपल्या पेपरमध्ये आर्सेनिक नसतं, घाबरू नका. पण ओल्या भिंतीवर कागद डकवायची हौस किती जुनी आहे ते बघा.

खळीचं पण सांगतो. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते उस्ताद सुरुवातीला मैद्याची खळ शिजवायचे, पोस्टर लावणाऱ्यांकडे आणि बुक बायंडरकडे असते तशीच, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. आता तयार पावडर येते, बादलीत पाणी आधी, पावडर नंतर, हलवत हलवत. उलटं केलं की गुठळ्या, आणि गुठळी म्हणजे पेपरखाली फोड. सोबत थोडं फेविकॉल टाकतात बरेच जण. मी जॉइंटच्या कडेला टाकतो, सगळीकडे नाही, कारण उद्या तो पेपर काढायला पण कुणीतरी येणार आहे आणि बहुतेक मीच येणार.

आता मुख्य गोष्ट, जी मला या धंद्यातली सगळ्यात आवडते आणि जिचे पैसे तर कुणीच देत नाही. कुठलीच खोली गुण्यात नसते. कागदावर नव्वद अंश, प्रत्यक्षात कोपरा वरून खाली येईतो दोन सूत, चार सूत इकडे तिकडे, आठ सूत म्हणजे एक इंच. सदाशिव पेठेतल्या जुन्या बिल्डिंगमध्ये तर इंच इंच. म्हणून पहिली पट्टी कोपऱ्याला धरून कधी लावायची नाही. लेझर लावायचा किंवा सरळ ओळंबा सोडायचा, पेन्सिलने रेष मारायची आणि पट्टीची कड त्या रेषेवर. पहिली पट्टी एक सूत वाकडी गेली तर सातवीला वरचं फूल स्लॅबमध्ये घुसलेलं असतं.

पण ओळंबा नेहमीच ऐकायचा असंही नाही. उभ्या पट्ट्यापट्ट्यांचं डिझाइन असलं आणि कोपराच वाकडा असला तर ओळंब्यात लावलेली सरळ पट्टी त्या कोपऱ्याशेजारी वाकडी दिसते. माणूस खोलीत उभा राहून ओळंबा बघत नाही, कोपरा बघतो. कोथरूडला एका घरी अशी भिंत होती, डावा कोपरा वरून खालपर्यंत चार सूत बाहेर. उस्तादांनी शिकवलं होतं तसं केलं, ती चार सुतं एका ठिकाणी न सोडता तीन पट्ट्यांमध्ये वाटून टाकली. पहिली पट्टी थोडी कोपऱ्याच्या बाजूने झुकती, दुसरी कमी, तिसरी अजून कमी, चौथीला ओळंबा. प्रत्येक जॉइंटला वरच्या बाजूला पेपर थोडासा चढवायचा, ओल्यावरच स्टीलच्या पट्टीला धरून दोन्ही थर एकदम कापायचे, वरची कातरण काढायची, कड हलकेच उचलून खालची पण काढायची, परत बसवायचं. ब्लेड नवं पाहिजे, प्रत्येक कापाला टोक मोडून नवं, तिथं कंजुषी केली की ओला पेपर कापला जात नाही, फाटतो. जॉइंटवर रोलर जोरात फिरवायचा नाही, गम बाहेर येतो, आणि आला तर लगेच स्वच्छ पाण्याच्या स्पंजने टिपायचा, वाळला तर मॅट पेपरवर गोगलगाय गेल्यासारखी चमक राहते. मग एसी बंद, पंखा बंद, सावकाश सुकू दे. घरातले म्हणतात मरतोय उकाड्याने. मी म्हणतो एक रात्र हॉलमध्ये झोपा.

त्या घरातल्या आजी खुर्ची टाकून पूर्ण वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘सगळं खरं रे बाळा, पण आता कालनिर्णय कुठं अडकवू?’ मी पेपरवर एका फुलाच्या मधोमध, जिथं रंग गडद होता तिथं, पेपरला छोटी फुली मारून कोपरे मागे दुमडले, बारीक खिळा ठोकला. फुली मारून ठोकला की पेपर खेचला जात नाही. त्या घरातून मला पुढे बरीच कामं मिळाली ती चार सुतांमुळे नाही, त्या खिळ्यामुळे.

आणि चारी भिंतींना पेपर असला तर एक प्रश्न उरतोच. पहिल्या पट्टीपासून सुरू करून खोलीभर फिरून परत पहिल्या पट्टीपाशी आलात की तिथं डिझाइन जुळत नाही. जुळणारच नाही, खोलीचा घेर काय 21 इंचाच्या हिशोबाने बांधलेला नसतो. कुठंतरी अर्धं पान अर्ध्या पक्ष्याला भेटणार. ते कुठं भेटवायचं हे काम सुरू करायच्या आधी ठरवायचं. मी आधी नुसता खोलीत उभा राहतो, दारातून आत आल्यावर नजर कुठं जाते, पलंगावर पडल्यावर समोर काय, दार उघडलं की कुठला कोपरा झाकला जातो. बहुतेक वेळा जागा मिळते ती दाराच्या चौकटीच्या वर, तिथं फूट-दीड फुटाचाच तुकडा असतो, नाहीतर उघड्या दाराच्या मागचा कोपरा. कस्टमरला ते न जुळलेलं दिसलं नाही तर काम चांगलं. मी सांगत नाही कुणाला, विचारलं तर मात्र दाखवतो.

सोसायट्यांचं काय बोलायचं. गेटवर फोटो, ॲपवर एंट्री, सर्व्हिस लिफ्टच वापरायची, ती बंद असली तर बादल्या घेऊन जिना. दोन ते चार आवाज बंद, वॉचमन येऊन आम्हाला पण थांबवतो, त्याला सांगून दमलो की बाबा ब्रशचा आवाज येत नाही. आणि भाषेचं एक. कस्टमर मराठी, मी मराठी, तरी पहिला अर्धा तास ‘भैय्या, ये कब तक होगा’ चालू. यूपी-बिहारची पोरं या लाइनमध्ये जास्त आहेत, कष्टाळू आहेत, माझा पोऱ्या पण तिकडचाच, त्यामुळे लोक धरूनच चालतात. आडनाव विचारल्यावर मग एकदम ‘अरे, तुम्ही आपले का!’ आणि चहा येतो. तो चहा आधी का आला नाही हे पोऱ्या मला डोळ्यांनी विचारतो.

त्या दोन ते चारमध्ये मी मोबाइलवर वॉलपेपरबद्दलच वाचत बसतो. इंग्लंडमध्ये 1712 मध्ये छापील पेपरवर टॅक्स लावला, तर लोकांनी काय केलं, कोरा पेपर भिंतीला लावून घेतला आणि मग वरून स्टेन्सिलने डिझाइन मारलं. बिल पाहिजे की बिनबिलाचं विचारणारे आपलेच लोक आठवले. तो टॅक्स उठला 1836 मध्ये.

पॅरिसला रेव्हेयाँ नावाचा मोठा वॉलपेपर कारखानदार होता. 1783 मध्ये माँगोल्फिए बंधूंचा गरम हवेवर उडणारा फुगा सजवला तो त्याच्याच पेपरने. याच माणसाने एप्रिल 1789 मध्ये मजुरीबद्दल काहीतरी बोलून ठेवलं. त्याचं म्हणणं होतं की पाव स्वस्त झाला पाहिजे म्हणजे मजुरी कमी ठेवता येईल. ऐकणाऱ्यांनी त्यातलं मजुरी कमी एवढंच ऐकलं, आणि 28 एप्रिलला जमावाने त्याचं घर आणि कारखाना लुटून मोडून टाकला, सैन्याने गोळीबार केला, माणसं मेली. फ्रेंच क्रांतीतला तो बास्तिलचा तुरुंग पडायला अजून अडीच महिने होते. पोऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, म्हणजे रेट तेव्हापासून वाढला नाही काय.

मला स्वतःला आवडते ती गोष्ट वेगळी आहे. फ्रान्सच्या अल्सासमध्ये झुबेर म्हणून कंपनी आहे, लाकडी ठोकळ्यांनी हाताने पेपर छापणारी. त्यांनी 1834 मध्ये अमेरिकेच्या देखाव्यांचा एक पेपर काढला, नायगारा वगैरे. तो मेरीलँडमधल्या एका जुन्या घरात लागला होता. घर पाडायला निघालं तेव्हा कुणीतरी तो भिंतीवरून सोडवून काढला आणि 1961 मध्ये जॅकलिन केनेडींच्या काळात तोच व्हाइट हाउसमधल्या एका खोलीत लावला. लोक चित्राबद्दल लिहितात. मी विचार करतो तो काढणाऱ्याचा. शंभर वर्षांहून जुना कागद अखंड सुटून आला म्हणजे चित्र छापणाऱ्याइतकंच श्रेय भिंत तयार करून त्यावर पहिल्यांदा लावणाऱ्याला पण आहे, त्याने काय खळ वापरली असेल, खाली काय मारलं असेल. त्याचं नाव कुठं सापडलं नाही मला. त्यालाही रोलवरच दिले असणार पैसे.

हल्ली मी कोटेशनमध्ये दोन ओळी लिहितो. वर भिंत, स्क्वेअर फुटाने, घासाई-प्राइमरसकट. खाली पेपर, रोलने. पेपरचा रेट मी बाजारापेक्षा थोडा कमीच ठेवलाय. तरी माणसं वरच्या ओळीवर बोट ठेवतात. मागच्या आठवड्यात बाणेरला एक साहेब म्हणाले, दादा ही पहिली लाइन काढून टाका, बाकी डन. म्हटलं साहेब, ती काढली तर खालचीपण काढावी लागेल. हसले, विचार करून कळवतो म्हणाले. कळवलं नाही अजून. दिवाळीच्या आधीचा सीझन आहे, त्यांना कुणी ना कुणी मिळेलच. मला उद्या वाघोलीला जायचंय, तिथं काल प्लास्टिक चिकटवून आलोय.